तक्रार क्रमांक एक

आमच्या साहेबांसमोर "काम झालं" असं म्हणायची सोय नव्हती. ते चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "झालं म्हणजे काय झालं? कोण म्हणालं? कधी म्हणालं? कुठे लिहिलंय?" चार प्रश्न, नेहमी याच क्रमाने. मी झाशीला बदलून आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "प्रवास नीट झाला?" मी म्हटलं, "झाला." लगेच चारही प्रश्न आले. मी पर्समधून गाडीचं तिकीट काढून पुढे ठेवलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "बाईसाहेब, तुमचं-आमचं जमेल."

जमलं. सात वर्षं जमलं. मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, औषधं, करायचे फोन, टाळायचे फोन, सगळं माझ्या डायरीत असतं. त्यामुळे हा माणूस विक्षिप्त आहे हे लक्षात यायला मला इतरांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

आमचा कारखाना सरकारी, मोठी यंत्रं बनवणारा. त्यातला कंप्युटर विभाग म्हणजे स्टोअर्सच्या मागे तीन खोल्या आणि आठ माणसं. कारखान्यात कुणाचा कंप्युटर बंद पडला, प्रिंटर रुसला, पासवर्ड विसरला की आम्ही. साहेब विभागप्रमुख. राहायला प्रेम नगरात, घराणं झाशीतलंच, कित्येक पिढ्यांपासूनचं. पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले होते. "परत जायचा हुकूम आला नाही, म्हणून राहिलो," असं ते सांगत, आणि इतक्या गंभीरपणे सांगत की हुकमाची वाट अजून चालू आहे असं वाटे. त्यांच्या मराठीत हिंदी मनसोक्त होती, पण मधूनच एखादा असा शब्द येई की मी तो फक्त शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला असे. ईमेलला ते खलिता म्हणत. "बाईसाहेब, मुख्यालयाचा खलिता आलाय. दोन जोडपत्रं आहेत, त्यातलं एक उघडत नाहीये."

घरी त्यांचा मुलगा मराठी समजायचा, पण उत्तर हिंदीतून द्यायचा. सून नुसती हसायची. नातू तर "आजोबा" म्हणूनही पुढे "जी" लावायचा. दिवसभरात त्यांच्याशी मराठीत बोलणारी मी एकटीच होते. याचा परिणाम काय झाला ते पुढे येईल.

त्यांच्या खिशाला तीन पेनं असत. निळं लिहायला, लाल खोडायला, हिरवं फक्त "समोरच्याने स्वतः मान्य केलं" एवढ्यासाठी. हिरव्याची शाई सगळ्यात हळू संपायची. त्यांची स्कूटर सदर बाज़ारच्या चौकात बंद पडली की ते आधी वेळ लिहून घेत, मग किक मारत. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवत असत आणि साहेब खिशातली वही काढून ओळ आखत असत. "आधी नोंद, मग लाथ," हे त्यांचं तत्त्व. एकदा मी त्यांना विचारलं की असं करून स्कूटर लवकर सुरू होते का. ते म्हणाले, "नाही. पण किती वेळा होत नाही ते मला ठाऊक असतं. तुमच्या यजमानांना त्यांच्या मोटारसायकलीचं ठाऊक आहे?" घरी जाऊन विचारलं. नव्हतं.

मग एके दिवशी तो खलिता आला.

मुख्यालयाने ठरवलं होतं की प्रत्येक कारखान्याच्या कंप्युटर विभागाने वर्षभरात वीस हजार नंबरच्या मानकाचं सर्टिफिकेट मिळवायचं. हे मानक कंप्युटरचं नसतं, कंप्युटरची सेवा कशी द्यावी याचं असतं. ज्यांना मिळणार नाही त्यांचा विभाग बंद, काम दिल्लीच्या एका कंत्राटदाराकडे, आणि माणसं जिथे जागा असेल तिथे रवाना. माझी मुलगी अकरावीत होती. मी त्या रात्री एक यादी केली, "बदली झाल्यास", तिच्यात एकवीस बाबी झाल्या आणि मला झोप लागली नाही. साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्षही उरलं नव्हतं. त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं. पण सगळ्यात जास्त कामाला लागले ते तेच.

त्यांनी मानकाची प्रत घरी नेली, तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवून स्वतःचं नाव लिहिलं आणि "इयत्ता" या शब्दापुढे रेघ मारली. तीन वेळा वाचलं. मग आम्हाला समोर बसवलं.

"यात कुठेही लिहिलेलं नाही की कंप्युटर चांगला पाहिजे," त्यांनी सुरुवात केली. सगळ्यांचे चेहरे पडले, कारण आम्हाला वाटलं होतं नवीन मशिनं मिळतील. "यात एवढंच आहे. काय देणार ते सांगा. सांगितलं ते द्या. दिलं ते दाखवा. नाही देता आलं तर का नाही ते लिहा, आणि पुढच्या खेपेला थोडं बरं द्या. बस."

त्या "बस"नंतर ते दीड तास बोलले. जेवणाची सुट्टी आली आणि गेली. माझ्या डब्यातली भाजी गार झाली. हे मी डायरीत टिपून ठेवलं, कारण ती पहिली वेळ होती आणि शेवटची नसणार हे दिसत होतं.

पण खरं सांगायचं तर मानक मला त्यांच्यामुळेच कळलं, आणि तेही कूलरमुळे. स्टोअर्सच्या खोलीत खिडकीत एक मोठा कूलर होता आणि बरोबर त्याच्या खाली भिंतीवर नेटवर्कचा डबा. दर मे महिन्यात कूलर टपकायचा, डबा भिजायचा, अर्ध्या कारखान्याचं नेटवर्क जायचं. आमच्यातलं कुणीतरी फडकं घेऊन पळायचं, पुसायचं, सुरू करायचं आणि येऊन सांगायचं, झालं. साहेब म्हणाले, "डबा भिजला ही घटना. ती फडक्याने संपते. कूलर टपकतो ही समस्या. तिला फडकं चालत नाही. आपण तीन उन्हाळे घटना पुसतोय."

आता समस्या सोडवायची तर कूलर हलवायला हवा. हलवणं म्हणजे बदल. बदल म्हटला की मानकाप्रमाणे अर्ज, आणि अर्जावर ज्याला त्रास होणार त्याची संमती. त्रास होणार होता स्टोअर्सच्या बड्या बाबूंना, रामसेवक जींना, कारण त्या कूलरचा सगळा वारा त्यांच्या एकट्याच्या खुर्चीवर यायचा. रामसेवक जी एरच गावाकडचे, बोलणं बुंदेली वळणाचं. भरघोस मिशा, मोठा आवाज, आणि साहेबांवर असं प्रेम की विचारू नका. एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादी मशीनमधून उडाली होती, सगळ्या गोतावळ्याची नावं. साहेबांनी तीन दिवस खपून ती परत काढून दिली आणि अर्जावर शेरा मारला, "खासगी फाइल. कक्षेबाहेर. काम केले नाही असे समजावे." तेव्हापासून रामसेवक जी त्यांच्या पायाशी हात नेल्याशिवाय बोलत नसत.

साहेबांनी अर्ज पुढे केला. रामसेवक जींनी हात जोडले. "साब, आप कहो तो जान दे दें। कूलर नईं खिसकने।"

"बस एक दस्तखत है, रामसेवक जी।"

"जान पे करा लो दस्तखत।"

अर्ज दोन महिने प्रलंबित राहिला. शेवटी मी विचारलं, "साहेब, कूलरऐवजी डबा हलवला तर?" त्यांनी लगेच निळं पेन काढलं. दुसरा अर्ज भरला, तो एका दिवसात मंजूर झाला, डबा समोरच्या भिंतीवर गेला. त्यांच्याकडे "सुधारणा" नावाची एक वही होती. तिच्यात त्यांनी लिहिलं, "बाईसाहेबांना आधी विचारावे." हिरव्या पेनाने.

त्यांच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर एक आलेख होता. दर शनिवारी ते त्यावर त्या आठवड्यातल्या तक्रारींचा आकडा पेन्सिलीने मांडत. रेघ पंचवीस ते चाळीसच्या मध्ये वर्षानुवर्षं खालीवर होत आली होती. सर्टिफिकेट देण्याआधीचं ऑडिट होळीनंतर ठरलं. आम्ही तयारीला लागलो, माझ्या भिंतीवर माझी यादी, त्यांच्या भिंतीवर त्यांचा आलेख. आणि ऑडिटला दोन महिने उरले असताना रेघ खाली यायला लागली. अठरा. नऊ. मग एका शनिवारी शून्य.

साहेबांनी ते शून्य दोनदा गिरवलं. दुपारी सदर बाज़ारातून पेढे आणले. पुढच्या शनिवारीही शून्य. त्याच्या पुढच्याही. "हे मानकाचं फळ आहे, बाईसाहेब," ते म्हणाले. "आयुष्यभर लोकांच्या मागे लागलो. आता आपण इतकं नीट काम करतोय की कुणाला काही सांगायचंच उरलेलं नाही." मग खुर्चीत मागे रेलून, आलेखाकडे बघत, ते अगदी हळू म्हणाले, "झालं."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. चारही प्रश्न माझ्या जिभेवर आले होते. विचारले नाहीत. माणूस इतका आनंदात होता.

माझ्या डायरीत एक यादी असते, "नंतर विचारायचं". रोजच्या धावपळीत जे विचित्र दिसतं पण थांबायला वेळ नसतो ते तिथे जातं. त्या सहा आठवड्यांतल्या नोंदी पुढे मी पुष्कळ वेळा वाचल्या. "रामसेवक जी ऑटोत. मांडीवर चादरीत गुंडाळलेला प्रिंटर? सदर बाज़ारकडे." "खरेदी विभागात कार्बन पेपर. अजून मिळतो?" "ड्रॉइंगच्या खोलीत तिघे एकाच कंप्युटरसमोर, रांगेत." "गेटवरचा हजेरीचा कंप्युटर चादरीने झाकलेला. वर झेंडूचा हार." अशा एकतीस. प्रत्येकीसमोर तारीख. आणि एकीसमोरही बरोबरची खूण नाही, कारण "नंतर" काही आलं नाही.

ऑडिटर मॅडम दिल्लीहून आल्या. वयाने तरुण, पायात पळायचे बूट, बोलणं कमी. साहेबांनी नेहमीचा मफलर काढून ठेवला होता, कोट घातला होता. मॅडमनी कागद पाहिले, आमचे सेवा करार पाहिले, बदलांचे अर्ज पाहिले, कूलरच्या अर्जावर थोडा वेळ रेंगाळल्या. मग आलेखासमोर उभ्या राहिल्या.

"छह हफ़्ते से एक भी शिकायत नहीं?"

"एक भी नहीं," साहेब म्हणाले. आवाज जरा चढला होता.

"आपको कैसे पता कि शिकायत थी ही नहीं?"

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. हा त्यांचाच प्रश्न होता. आयुष्यभर त्यांनी तो दुसऱ्यांना विचारला होता.

"चलिए, लोगों से मिलते हैं," मॅडम म्हणाल्या.

पहिलं स्टोअर्स. रामसेवक जी उठून उभे राहिले, मॅडमना नमस्कार, साहेबांच्या पायाशी हात. "सब बढ़िया है मैडम। साब तो देवता हैं। हमें कौनऊ तकलीफ नइयाँ।" त्यांच्या टेबलावर धुळीचा एक थर होता आणि थराच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन.

"यहाँ प्रिंटर था?" मॅडमनी विचारलं.

"था।"

"कहाँ गया?"

रामसेवक जींनी खिडकीबाहेर पाहिलं. "घूमबे गओ है।"

"प्रिंटर घूमने गया है?"

"सदर बाज़ार। एक मिस्त्री है अपना। कल-परसों लौट आएगा।"

साहेब तिथल्या बाकावर बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "रामसेवक जी, कब से?"

"डेढ़ महीना हो गओ।"

"और बताया नहीं?"

रामसेवक जी आता खरोखर दुखावले. "आपकी परीक्षा थी साब। परीक्षा में कोई परेशान करता है? हमने कमरे-कमरे जाकर सबसे कह दिया, साब का इम्तिहान है, ख़बरदार जो किसी ने शिकायत लिखाई। सबने निभाया। गेट वालों का कंप्यूटर तो शांत ही हो गया, तब भी नहीं लिखाई।"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "सर, चार बजे मुझे रिपोर्ट लिखनी है। जो रजिस्टर में नहीं है, वो मेरे लिए हुआ ही नहीं। छह हफ़्ते कोरे हैं तो मुझे लिखना पड़ेगा कि आपके यहाँ व्यवस्था चलती ही नहीं।"

म्हणजे नापास. म्हणजे कंत्राटदार. मुलीचा बारावीचा वर्ग सुरू व्हायला महिनाही नव्हता आणि माझ्या डोळ्यांसमोर एकवीस बाबींची यादी येऊन उभी राहिली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्यांनाही तीच दिसली.

मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. साहेबांनी अर्जाशिवाय एक टेबल हलवलं. स्वतः ओढत व्हरांड्यात नेलं, नवी वही उघडली, पहिल्या पानावर ओळी आखल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागले. "आओ भैया, शिकायत लिखाओ। कुछ भी लिखाओ।" लोक जमले, पण टेबलापासून हातभर लांब. कुणी म्हणे, नहीं साब, सब ठीक है. कुणी म्हणे, हमारा तो बहुत ही अच्छा चल रहा है. ड्रॉइंगचे तिघे एकमेकांकडे बघून म्हणाले की एका कंप्युटरवर तिघांना बसायला बरंच वाटतं, गप्पा होतात.

मी डायरी काढली आणि वाचायला लागले. "फलाण्या तारखेला रामसेवक जी, ऑटोत, चादरीत प्रिंटर."

"वो प्रिंटर नहीं था बहनजी," मघाशी सगळं कबूल केलेले रामसेवक जी आता उघड्या वहीकडे बघत म्हणाले. "बुआ का बक्सा था।"

"खरेदी विभागात कार्बन पेपर."

"शौक़ है," खरेदीवाले म्हणाले.

पावणेतीन वाजले होते. तेव्हा मला कळलं की नुसत्या माझ्या यादीचा उपयोग नाही. यादी म्हणजे मी काय पाहिलं. तक्रार म्हणजे ज्याला त्रास झाला तो स्वतः काय म्हणाला. हे साहेबांनी आम्हाला शंभर वेळा समजावलं होतं आणि शंभर वेळा माझी भाजी गार झाली होती. मी डायरी मिटली आणि टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, मला तक्रार लिहायची आहे."

त्यांनी निळं पेन उचललं. "कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

पेन खाली टेकलं. "सांगा."

"तुम्ही समजावून सांगायला लागलात की थांबत नाही."

"कधीपासून?"

"सात वर्षं."

"किती वेळा?"

"रोज. बहुतेक जेवणाच्या सुट्टीत."

"परिणाम?"

"डबा गार होतो."

ते सगळं वळणदार अक्षरात लिहीत होते. मराठीतलं बोलणं, व्हरांड्यात कुणाला नीट कळेना. रामसेवक जींनी विचारलं, "बहनजी का कह रईं?" मी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं हिंदीत सांगितलं. साहब समझाने लगते हैं तो रुकते नहीं, मेरा खाना ठंडा हो जाता है.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "ये तो हमारी भी है।" आणि व्हरांडा हसायला लागला.

रामसेवक जी हसले नाहीत. वाकून साहेबांच्या कानाशी गेले. "साब, इसमें आपकी बदनामी नहीं है?"

"बदनामी तब है जब ये वही कोरी रहे," साहेब म्हणाले. घाईत "वही" हा शब्द मराठीच निघून गेला, पण पानावरचं बोट सगळ्यांना दिसलं.

रामसेवक जींनी मिशीवरून हात फिरवला. "ऐसी बात थी तो पहले कहते," ते म्हणाले, आणि मग अशा आवाजात ओरडले की गेटपर्यंत ऐकू गेलं. "सब लोग शिकायत लिखाओ। कोई बिना शिकायत के नहीं जाएगा।"

पुढचा एक तास मी विसरणार नाही. रांग जिन्यापर्यंत गेली. प्रिंटर आले, कार्बन पेपर आला, ड्रॉइंगचे तिघे आले आणि आता भांडत आले की कोण किती वेळ बसतो. गेटवाल्यांनी शपथेवर सांगितलं की हजेरीचा कंप्युटर गेला तेव्हा ते सगळे जवळच होते. सहा आठवडे दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं, आणि ते संपल्यावर लोकांना थांबवेना. कँटीनच्या चहात आलं नसतं. दुसऱ्या मजल्याचा पंखा आवाज करतो. एकाच्या मेहुण्याचा मोबाइल ग्वाल्हेरमध्ये चार्ज होत नाही. साहेबांनी एकालाही परत पाठवलं नाही. प्रत्येकाला नंबर दिला, आणि पंखा, चहा, मेहुणा यांच्यापुढे लाल पेनाने "कक्षेबाहेर" लिहून त्याचं कारण समजावून सांगितलं. रांग त्यामुळेच पुढे सरकत नव्हती. एक गृहस्थ तक्रार घेऊन आले की रामसेवक जी तक्रार करू देत नाहीत. साहेबांनी ती "अतिमहत्त्वाची" म्हणून नोंदवली आणि रामसेवक जींनीच त्यांना पुढची जागा करून दिली.

साडेतीनला रांगेत शेवटी मॅडम उभ्या दिसल्या. त्यांच्या लॅपटॉपला आमचं नेटवर्क मिळत नव्हतं.

"आप ग्राहक की श्रेणी में नहीं आतीं," साहेब म्हणाले, "पर लिख लेता हूँ।"

त्रेसष्ट तक्रारी झाल्या. आम्ही आठ जण ताबडतोब पळालो, चारपर्यंत अकरा निस्तरल्या आणि अकराही जणांनी स्वतः सह्या केल्या. साहेबांचं हिरवं पेन संपलं. मॅडमनी ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. पहिल्या पानावर जरा जास्त वेळ.

दोन आठवड्यांनी निकाल आला. पास. एक शेरा होता, त्याचा आशय असा की या विभागात ग्राहक प्रेमापोटी तक्रारी लपवतात, त्यावर उपाय करावा. सर्टिफिकेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलं. आमच्या साहेबांनी त्या शेऱ्याची फ्रेम करून आलेखाच्या जागी लावली. मी माझी एकवीस बाबींची यादी फाडून टाकली. मी यादी फाडली असं माझ्या आयुष्यात तेवढं एकदाच घडलं.

माझी तक्रार मात्र त्यांनी सोडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्यावर लिहिलं, "घटना नव्हे, समस्या. मूळ कारण शोधावे लागेल." मी म्हटलं, साहेब, ती मी वेळ मारून न्यायला लिहिली होती. ते म्हणाले, "बाईसाहेब, खोटी होती?" खोटी नव्हती. मग ते मला मूळ कारण कसं शोधतात ते समजावून सांगायला लागले. त्या दिवशी वांग्याची भाजी होती.

निवृत्तीच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली, रामसेवक जी मोठ्याने रडले आणि कूलर हलवायला तयार झाले. सगळे पांगल्यावर साहेबांनी माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. तक्रार क्रमांक एक, निवारण पत्र. मूळ कारण: समोरची व्यक्ती ऐकते आहे, असे वाटणे. उपाय: निवृत्ती. उपाय कायमस्वरूपी आहे काय: होय. खाली तक्रारदाराच्या सहीसाठी रेघ, आणि त्याच्याशेजारी नवं कोरं हिरवं पेन.

"सही करा, म्हणजे बंद होईल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "बघते साहेब. समाधान झाल्याची खात्री करायला वेळ लागेल."

"रास्त आहे," ते म्हणाले, आणि मफलर गुंडाळून निघाले.

सही मी केलेली नाही. कागद माझ्या खणात आहे. मानकात नाही, पण आमच्या विभागाच्या नियमांत एक नियम आहे, तो त्यांनीच लिहिलेला. ज्या तक्रारीवर तक्रारदाराची सही नाही, तिच्याबद्दल ती हाताळणाऱ्याने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी स्वतः विचारणा करायची. नव्या विभागप्रमुखांना तो माहीत नाही. त्यांना सांगायच्या गोष्टींची माझ्याकडे यादी आहे, तिच्यात तो नियम नाही.

काल पहिला सोमवार होता. एक वाजून दहा मिनिटांनी, मी डबा उघडला आणि फोन वाजला.

"बाईसाहेब, तक्रार क्रमांक एक. समाधान झालं का?"

"नाही, साहेब."

"अजून नाही?" त्यांचा आवाज एकदम ताजा झाला. "मग उपाय कमी पडला म्हणायचा. याची दोन कारणं असू शकतात. तुम्हाला वेळ आहे ना?"

मी डब्याचं झाकण परत लावलं आणि म्हटलं, "सांगा."